द वायर : दुसरा सीझन गाळू नका
‘द वायर’ या अमेरिकन क्राइम सिरीजचा दुसरा सीझन बोअर होतोय, डायरेक्ट चौथा लावू का म्हणताय, तर अजिबात नको हो! मान्य, पहिल्या सीझनमधली ती ड्रग्ज विकणारी बार्क्सडेलची गँग सोडून गोष्ट एकदम बाल्टिमोरच्या गोदीत शिरते आणि सुरुवातीला ही कोण नवीन मंडळी असंच होतं, पण तो फ्रँक सोबोत्का बघा ना, युनियनचा माणूस, स्मगलरचे कंटेनर गुपचूप सोडतो आणि तो पैसा पुढाऱ्यांना चारतो, का तर कालवा खोल व्हावा, जहाजं यावीत, पोरांना काम मिळावं. सिरीज बनवणारा डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्याच पेपरात क्राइम रिपोर्टर होता ते जाणवतं. चौथा, शाळेवाला, बेस्टच, वादच नाही. सबटायटल्स मात्र लावाच, त्यांचं ते गल्लीतलं इंग्लिश मला तरी झेपत नाही.