अल्बर्ट स्मारकाची मेघडंबरी: कारागिरी की लपवाछपवी?

रानवाट (धागाकर्ता): लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील, राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचे १७६ फूट उंच स्मारक मला पटत नाही. अल्बर्ट १८६१ मध्ये वारला, स्मारक १८७२ मध्ये खुले झाले आणि खुद्द त्याचा पुतळा बसायला १८७६ उजाडले. तोवर मेघडंबरी रिकामीच होती. वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने ती मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक धाटणीत रचली खरी, पण शिखराचा भार दगडी कमानींवर नसून आत दडवलेल्या लोखंडी तुळयांवर आहे. ज्याच्या पुढाकाराने १८५१ चे जागतिक प्रदर्शन लोखंड आणि काचेच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उघडपणे भरले, त्याच्याच स्मारकात लोखंड लपवावे, याला काय म्हणावे?

उंबरठा: असहमत. मध्ययुगीन सोनारांनी घडवलेली इवलीशी देवघरे खऱ्या आकारात उभी करायची, ही स्कॉटची मूळ कल्पना होती आणि ती त्याने स्वतःच सांगितली आहे. इतक्या सडपातळ खांबांवर एवढे शिखर नुसत्या दगडाने कसे तोलायचे, हे टीकाकारांनी सांगावे. शिवाय अल्बर्टच्या हातात त्याच प्रदर्शनाची सूची आहे आणि वरच्या चार कोपऱ्यांवर शेती, व्यापार, उद्योग यांच्या बरोबरीने अभियांत्रिकीचाही शिल्पसमूह आहे. लोखंड लाजेने दडवणारा माणूस अभियांत्रिकीला असे मानाचे स्थान देईल का?

रानवाट: स्थान दिले ते प्रतीकाला. प्रत्यक्ष लोखंडावर शिशाचे पत्रे चढवले, त्यांतून पाणी झिरपले, आतल्या आत गंज धरला आणि दुरुस्तीसाठी स्मारक अनेक वर्षे परांचीआड राहून १९९८ मध्ये पुन्हा खुले झाले.

काळाकातळ: लोखंडाच्या वादात खालचे कोपरे राहूनच गेले. तिथे खंडांना स्त्रीरूप दिलेले शिल्पसमूह आहेत. बैलावर बसलेल्या युरोपच्या डोक्यावर मुकुट आहे. बसलेल्या हत्तीवरची आशिया मात्र अंगावरचे वस्त्र दूर सारते आहे. शिल्पकार फोलीने हत्ती अप्रतिम घडवला आहे, यात वादच नाही, पण पाहणारा कोण आणि दाखवली जाणारी कोण, हे तिथे दगडातच कोरून ठेवले आहे. हे स्मारक एका नवऱ्याचे कमी आणि साम्राज्याचे जास्त वाटते.

उंबरठा: त्या काळाच्या दृष्टीचा दोष मान्य आहे, पण तो स्थापत्याच्या माथी मारू नये. याच स्कॉटने मुंबईत पाऊलही न ठेवता राजाबाई टॉवरचा आराखडा केला. त्या मनोऱ्याची कारागिरी आपण साम्राज्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतो का?