शहरातच फिरणाऱ्या टर्बो गाडीचं ऑइल १०,००० किमीला बदलायचं? माझ्या मते नाही

जुळे सोलापूरकर

मार्चअखेरीला तुळजापूरहून दर्शन करून परत येत होतो. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो आणि समोर ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा, पाय काढला की पुन्हा पेटायचा. बाजूला घेऊन डिपस्टिक पाहिली तर ऑइल वरच्या खुणेला. म्हणजे ऑइल होतं, पण वर चढत नव्हतं. गाडी तिथंच बंद केली आणि टोचन लावून गॅरेजला नेली.

मिस्त्रीने माझ्यासमोर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवला. आतल्या ऑइल गाळणाऱ्या जाळीचा निम्म्याहून जास्त भाग काळ्या थराने बुजला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उकरल्यावर करपलेल्या पाकासारखा तुकडा सुटून आला. इंजिनावरच्या टॅपेट कव्हरखालीही तेच. पंप, टर्बोला (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) ऑइल नेणारी नळी, टायमिंग चेन आणि मजुरी धरून ३८,००० रुपये गेले. टर्बो वाचला, एवढंच समाधान.

गाडी २०१७ची, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, चेंबरमध्ये जेमतेम साडेतीन लिटर ऑइल मावतं. ४१,००० किमीला जुनी घेतली, आता ६३,००० झालेत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. आधीच्या मालकाची आणि माझी एकही सर्व्हिस चुकलेली नाही. पुस्तकात १०,००० लिहिलंय, तेच पाळलं. तरी हे झालं.

म्हणून माझं मत: किलोमीटर हे माप शहरातल्या गाडीला लागूच पडत नाही. जुळे सोलापूर ते नवी पेठ, दिवसाला चार फेऱ्या, सरासरी वेग ताशी १८ किमी. या वेगाने ५,००० किमी व्हायला इंजिन साधारण २७८ तास चालतं. हायवेला ताशी ६० ने १०,००० किमी म्हणजे १६७ तास. माझं ५,००० तुमच्या १०,०००पेक्षा जास्त झालं की नाही? त्यात एप्रिल-मे मध्ये ४३-४४ अंशांत एसी लावून सिग्नलला उभं राहायचं. गाळ धरणाऱ्या इंजिनाला ५,००० किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. यात तडजोड नको.

पुणे रोड टूरिस्ट

मला हे पटत नाही. माझी डिझेल गाडी सोलापूर-पुणे धावते. एक खेप अडीचशे किमी. ३,८०,००० झाले, ऑइल कायम १०,०००लाच. तीन लाखाला चेनच्या कामासाठी कव्हर उघडलं होतं. हाताला काळं तेल लागलं, पण कापडाने पुसल्यावर खालचं ॲल्युमिनियम चकचकीत दिसलं. गाळ नावालाही नाही.

ऑइल खरं आणि पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच पाहिजे, फिल्टर दरवेळी बदलला पाहिजे. तुमच्या आधीच्या मालकाने बिलं दाखवली, पण आत काय ओतलं हे कोणी पाहिलं? लोकांना घाबरवून दर पाच हजाराला खर्चात पाडू नका. आमच्यासारख्याचं पोट त्या गाडीवर आहे.

जुळे सोलापूरकर

दादा, तुमच्या गाडीने माझंच म्हणणं सिद्ध केलं. तुमचं इंजिन सकाळी एकदा गरम झालं की पुण्यापर्यंत त्याच तापमानाला राहतं. ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल-डिझेल आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. माझं इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत नवी पेठ येते. ते पाणी आणि कच्चं इंधन ऑइलमध्येच राहतं, जळलेल्या कणांशी मिसळतं, त्याचाच चिकट थर होतो. त्यावर टर्बोची उष्णता. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी दांडी त्याच ऑइलवर फिरते, आणि गाडी पळवून लगेच बंद केली की तिथलं ऑइल जागेवरच करपतं.

मेकॅनिकलवाला, होटगी रोड

तासांचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. सिग्नलला उभ्या इंजिनावर भार किती असतो? तास वाढले म्हणून ऑइल त्याच प्रमाणात झिजलं असं होत नाही. हायवेला तुमचं इंजिन एका तासात जेवढं इंधन जाळतं तेवढं सिग्नलला उभं राहून अनेक तासांतही जळत नाही.

आणि ऑइल २० वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेचा एसपी दर्जा २०२०मध्ये आला, त्यात गाळ रोखण्याची कसोटीही आहे. चांगलं सिंथेटिक ऑइल पाच हजाराला सांडून देणं म्हणजे निम्मं पिकलेलं पीक कापणं. ते सांडलेलं जातं कुठे, याचाही विचार करा. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. आपल्याकडे किती गॅरेजवाले ते नोंदणीकृत ठिकाणी देतात आणि किती गटारात सोडतात, हे चार गल्ल्या फिरून बघा. दुप्पट वेळा बदला म्हणताना दुप्पट काळं तेल हेही म्हणा. मला हा मुद्दा पैशापेक्षा मोठा वाटतो.

अक्कलकोट रोड, गॅरेज

२२ वर्षं इंजिनं खोलतोय. दोन्ही बाजूंचं ऐकलं, पण मूळ गोष्ट कोणीच धरली न्हाय. गाळाचं घर म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरात उतरतोच, नव्या इंजिनातबी. तो ओढून परत जाळायला पाठवायचं काम या व्हॉल्व्हचं. तो चिकटला की गॅस आतच कोंडतो आन ऑइल सडवतो. मग ५,०००ला बदला न्हायतर ३,०००ला, थर धरणारच.

तपासायला पैसा लागत न्हाय. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा, तोंडावर वहीचा कागद धरा. कागद हलका आत ओढला पाहिजे. बाहेर ढकलला जात असंल, भसाभस धूर येत असंल, तर व्हॉल्व्ह नाहीतर ब्रेदर पाइप (त्यो गॅस नेणारी नळी) बंद हाय, किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्यात. जुळे सोलापूरवाले, तुमच्या मिस्त्रीनं हे बघितलं का? मला शंका हाय. जाळी धुतली, पंप बदलला, आन कारण तसंच ठेवलं.

दुसरं एक. पावसाळ्यात झाकणाखाली दुधाळ, कॉफीच्या फेसासारखं काही दिसलं तर लगेच घाबरू नका. ते वाफेचं पाणी असतं, थोड्या अंतरावरच फिरणाऱ्या गाडीत दिसतं. फक्त कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत न्हाय ना एवढं बघा. कूलंट उतरत असंल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) गेलं असंल.

विजापूर रोड, शाळेत शिकवते

फ्लशबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही जुनी गाडी घेतली, ९०,००० किमी झालेली. झाकण उघडलं की आत काळंकुट्ट. एका गॅरेजने सल्ला दिला, फ्लशिंगचं औषध घालू, दहा मिनिटं चालवू, सगळं धुऊन निघेल. आम्ही हो म्हणालो. निघालंही, पण सगळं निघून जाळीवर बसलं. दुसऱ्या दिवशी बाळे गाठायच्या आत शिट्टीसारखा आवाज आला आणि टर्बो गेला. नवीन टर्बोचं बिल भरताना यजमानांचा चेहरा कसा झाला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

जुना गाळ असलेल्या इंजिनाला एकदम धुऊ नका. आता आम्ही साधं पण योग्य ग्रेडचं ऑइल घालून दोन वेळा १,५०० किमीला बदललं, दोन्ही वेळा फिल्टर नवा. हळूहळू सुटतं. म्हणून मी जुळे सोलापूरकरांच्या बाजूने आहे, फक्त आधीच गाळ झालेल्याला ५,०००सुद्धा लांब आहे.

अक्कलकोट रोड, गॅरेज

ताई, बरोबर. थर जाड असंल तर आधी चेंबर उतरवायचा, जाळी हातानं धुवायची, मग बाकीचं. फ्लश फक्त स्वच्छ इंजिनाला चालतो, आन स्वच्छ इंजिनाला त्याची गरज न्हाय.

पुणे रोड टूरिस्ट

म्हणजे दोष ऑइल बदलण्याच्या अंतराचा नाही, व्हॉल्व्हचा. मी तेच म्हणतोय.

जुन्या गाड्यांचा नाद

हा वाद जगात आधी होऊन गेलाय, त्यामुळे थोडं मागचं सांगतो. १९९७ ते २००२ च्या सुमाराच्या टोयोटाच्या ३ लिटर व्ही-सिक्स आणि २.२ लिटर इंजिनांत अमेरिकेत असाच गाळ व्हायला लागला. कंपनीने सुरुवातीला मालकांकडे बोट दाखवलं, की तुम्ही ऑइल वेळेवर बदललं नाही. पण तक्रारी थांबेनात, तेव्हा २००२मध्ये सुमारे ३३ लाख गाड्यांना गाळाच्या दुरुस्तीसाठी विक्रीपासून आठ वर्षं संरक्षण द्यावं लागलं, किलोमीटरची अट न घालता. फोक्सवॅगन-ऑडीच्या १.८ टर्बोचंही तेच. तिथेही पुढे आठ वर्षांची मुदत मिळाली, पण ऑइल बदलल्याची बिलं दाखवली तरच. त्या इंजिनात ऑइल कमी मावायचं, टर्बोची उष्णता जास्त, म्हणून नंतर फुल सिंथेटिकचाच आग्रह धरला.

यातून मला दिसतं ते असं, की काही इंजिनं रचनेनेच नाजूक असतात. दुसऱ्या इंजिनात १०,०००ला काही होत नाही, त्याच सवयीने इथे जाळी बुजते. मेकॅनिकलवाले म्हणतात ते ‘ऑइल सुधारलं’ खरं आहे, पण इंजिनंही लहान आणि जास्त गरम झालीत. त्यामुळे प्रत्येक गाडीला एकच आकडा लावणं, ५,००० असो की १०,०००, मला मान्य नाही.

विजापूर रोड, शाळेत शिकवते

एक सांगायचं राहिलं. मेकॅनिकलवाले ५,०००ला एवढा विरोध करतात, पण गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात ‘कठीण परिस्थिती’ असा भाग असतो, तो वाचला का? आमच्या गाडीच्या पुस्तकात त्यात धूळ, थोड्या अंतराच्या फेऱ्या, जास्त वेळ उभं राहून इंजिन चालू ठेवणं, सगळं आहे, आणि तिथे अंतर निम्मं दिलंय. धूळ, उन्हाळा, उसाच्या ट्रॉल्यांमागच्या रांगा... सोलापुरातली कुठली गाडी यात बसत नाही?

मेकॅनिकलवाला, होटगी रोड

आत्ता ग्लोव्ह बॉक्समधून पुस्तक काढून पाहिलं. आहे. माझ्याही पुस्तकात निम्मंच लिहिलंय, आणि ते पान मी कधी उलटलं नव्हतं. तेवढं मान्य. माझी गाडी साधं पेट्रोल आहे, टर्बो नाही, रोज विमानतळापलीकडे जाते, तिला मी ७,५०० किंवा वर्ष करतो. पण कुणी काळं दिसतं म्हणून ऑइल बदलत असेल तर ते थांबवा. डिझेलचं ऑइल काजळीने चार दिवसांत काळं होतं, ते त्याचं कामच आहे. आणि जुनं ऑइल कुठे जातं हे गॅरेजवाल्याला विचारा, ही माझी अट कायम.

अक्कलकोट रोड, गॅरेज

आमच्याकडं बॅरलमध्ये साठवतो, परवानावाला घेऊन जातो, पावती असते. या आन बघा.

जुळे सोलापूरकर

आज सकाळी कागद धरून पाहिला. अक्कलकोट रोडचे मिस्त्री, तुमची शंका खरी निघाली. कागद आत ओढला गेला नाही, तोंडावर फडफडत राहिला आणि हाताला वाफ लागली. म्हणजे ३८,००० खर्चून मी गाळ काढला आणि गाळ करणारं कारण आतच ठेवलं. सोमवारी व्हॉल्व्ह आणि ब्रेदर पाइप बदलायला तुमच्याकडेच आणतो.

पण माझं ५,००० मी सोडत नाही. हा व्हॉल्व्ह पुन्हा कधी चिकटेल हे डॅशबोर्डवर दिसणार नाही. तोवर ऑइल ताजं असेल तर निदान थर धरायला वेळ लागेल. दरवाजाच्या आत चिठ्ठी चिकटवलीय: ६८,००० किंवा १ ऑक्टोबर.

पुणे रोड टूरिस्ट

मी १०,०००वरच आहे. पुढच्या महिन्यात माझंही ऑइल आहे. मिस्त्री, त्याच दिवशी कव्हरही उघडू. जुळे सोलापूरकर, तुम्ही या तिथं. दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी बघू.