मदत हवी आहे : कामगंध सापळ्यांमुळे ट्रायकोकार्डातल्या माश्या भरकटतात का?

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यात आमची पाच एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे, आता पात्या-फुलांवर आली आहे. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावलेत, पतंग पडू लागले आहेत. आता ट्रायकोकार्ड आणायचं ठरवतोय, म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीची पिल्लं असलेलं कार्ड; तिची मादी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, मग त्यातून अळी निघतच नाही. विषारी फवारणी होता होईल तो टाळायची आहे. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून गड्याच्या पाठीवर पंप चढवताना जीव थाऱ्यावर राहत नाही.

अडचण अशी आहे. ट्रायकोग्रामाची मादी पतंगाची अंडी वासावरून हुडकते असं वाचलं. अंडी घालताना पतंगाच्या अंगावरचे खवले झडतात, त्यांचा वास तिला लागतो. शिवाय पतंगाची मादी नराला बोलवायला जो गंध सोडते, तोही काही जातींच्या माश्यांना कळतो. आमच्या सापळ्यातल्या ल्युअरला (आमिषाच्या कुपीला) तर नेमका तोच गंध! मग जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा तो जीव अंडी सोडून सापळ्याभोवतीच घुटमळत राहणार नाही का? अळी एकदा बोंडात शिरली की तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही, म्हणून अंड्यांची ही वेळ हातची जाऊ द्यायची नाही.

दुसरं, निंबोळी अर्क मारला तर त्या उग्र वासात बाकीचे वास दबतात का? कृषी केंद्रात विचारलं, तर तिथं सरळ दुसरं औषध काढून दाखवलं. माहीतगारांनी सांगा जी.

प्रतिसाद

भाऊ, सापळे काढू नका. पतंगाचा गंध आला की ही माशी उडणं थांबवते आणि त्या भागातली पानं चालत धुंडाळते. पतंग गंध सोडतो रात्री, ही फिरते दिवसा. मग मेळ कसा बसतो? कोबीवरच्या पतंगाचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की गंध पानाला चिकटून राहतो आणि दुसऱ्या दिवशी माशीला तिथंच सापडतो. मला हे फार विलक्षण वाटतं. अमेरिकेत घाटेअळीच्या जवळच्या जातीचा कृत्रिम गंध कपाशीत ठेवून पाहिला, तर ट्रायकोग्रामाने तिथली अंडी उलट जास्त गाठली.

तरी कार्डाच्या पट्ट्या सापळ्याच्या काठीला बांधू नका. ही माशी लांब उडत नाही. वावरभर पसरून, पानाच्या खालच्या बाजूला सावलीत टाचा, मुंग्यांपासून जपा. कार्ड घेताना ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री (ट्रायकोग्रामाच्याच कुळातली माशी) मागा, एकरी 60 हजार.

निंबोळीच्या वासापेक्षा मला धास्ती आहे ती नुकत्या निघालेल्या माश्यांवर फवारा बसण्याची. अर्क मारायचाच तर कार्डाच्या चार दिवस आधी मारा, नंतर आठवडाभर पंप बाजूला.

आणि पऱ्हाटी स्वतःही बोलावते बरं का. अळीने पान कुरतडलं की तिच्या लाळेमुळे झाड वेगळा गंध सोडतं, न कुरतडलेल्या पानांतूनसुद्धा. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका गांधीलमाशीने तंबाखू, कपाशी आणि मक्यावर या गंधावरूनच ती जिच्यात अंडी घालते ती अळी आणि तिची जवळची नातलग अळी यांची झाडं वेगळी ओळखली. अशा माश्या वावरात असताना सिंथेटिक पायरेथ्रॉइड (रासायनिक कीटकनाशकांचा एक गट) मारलं, तर बोलावून आलेले पाहुणेच मरतात.

मूळ लेखक

खूप आभार भाऊ. सापळे ठेवतो, कार्ड उद्याच सांगतो. एकच राहिलं : सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणी करा म्हणतात. कार्ड लावल्यावर तसं झालं तर?

प्रतिसाद

आधी वावरात फिरून डोमकळ्या (अळी आत असल्याने नीट न उमललेली फुलं) मोजा. बोंडं धरली असतील तर वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं फोडून पाहा. दोन किंवा अधिक बोंडांत अळी निघाली तर मात्र थांबू नका. फवारणी करा, आणि गड्याला मास्क, हातमोजे, चष्मा दिल्याशिवाय पंप देऊ नका. वाऱ्याच्या उलट दिशेने चालू देऊ नका. एकाच बोंडात निघाली तर दोन दिवसांनी पुन्हा वीस फोडा.