अमेरिकन वसाहतींचे बंड : चहावरचा कर आणि गनिमी कावा एवढेच का?

प्रश्न (बेळगाव)
मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवताना मी नेहमीप्रमाणे सांगितले की, चहावर कर बसला म्हणून अमेरिकन वसाहती उठल्या आणि तिथल्या शेतकऱ्यांनी गनिमी काव्याने इंग्रजांना हरवले. त्यावर एका मुलीने विचारले, "सर, एवढ्याशा करासाठी कुणी आठ वर्षे लढेल का?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर (निपाणी)
सर, मुलीची शंका रास्त आहे. ब्रिटिश पार्लमेंटच्या 1773 च्या चहा कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा कायम राहिला. तरीही बोस्टन बंदरात चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, कारण तो चहा घेणे म्हणजे आपला एकही प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटचा कर बसवण्याचा हक्क मान्य करणे होते. (चोरट्या चहावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता, हेही खरे.)

व्हर्जिनिया या वसाहतीची गोष्ट मात्र मला घरची वाटते. आमच्याकडे तंबाखू होती तेव्हा वडील वखारीतून उचल घेत आणि माल घातल्यावर उचल वजा जाऊन हातात काय उरते, ते चिमणीच्या उजेडात पुन्हापुन्हा मोजत. तिथल्या मळेवाल्यांना तंबाखू कायद्यानेच ब्रिटनला पाठवावी लागे, आणि कापडापासून खुर्च्यांपर्यंतचा माल तिकडच्या व्यापाऱ्याच्या खात्यावर उधार येई. या चक्रातून सुटण्यासाठीच तिथला मळेवाला आणि पुढे बंडखोरांचा सेनापती झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनने 1760 च्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला. त्यात 1763 साली फ्रान्सशी चाललेले सप्तवार्षिक युद्ध संपल्यावर कर्जात बुडालेल्या ब्रिटिश सरकारने ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करण्यास मनाई केली आणि पुढे करही लावले. अर्थात ते मळे गुलामांच्या घामावर चालत. आमच्या कुळांशी त्यांची बरोबरी करू नये.

उत्तर (खानापूर)
गनिमी काव्याबद्दल थोडी दुरुस्ती सुचवतो. दक्षिणेकडच्या कॅरोलिना वसाहतींत तसे छापे पडले, पण वॉशिंग्टनला कवायती फौजच हवी होती. 1778 मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत प्रशिया या जर्मन राज्यातून आलेल्या स्टॉयबेन या लष्करी अधिकाऱ्याने ती घडवली. झाडाआडच्या रायफलीचे फार कौतुक होते, परंतु ती भरायला वेळ लागे आणि तिला संगीन नसे. इंग्रजांनी न्यूयॉर्क घेतले, फिलाडेल्फिया घेतले, तरी वॉशिंग्टनची फौज शाबूत राहिली, आणि इंग्रजांची स्वतःची रसद अटलांटिक ओलांडून यायची. 1777 मध्ये साराटोगाला एक संपूर्ण इंग्रज सैन्य शरण आल्यावर पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. 1781 मध्ये फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचे तोंड अडवले नसते, तर यॉर्कटाउनमध्ये कोंडला गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस समुद्रमार्गे निसटलाही असता.

हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूवर चालून गेला. त्याच युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी आपल्या शेजारच्या धारवाडला वेढा घातला होता. मुलांना हा धागा आवडेल.

प्रश्नकर्ता (बेळगाव)
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारच्या तासाला चहाऐवजी तंबाखूच्या उधारीपासून सुरुवात करतो. निपाणीकर, आपल्या घरी वखारीची एखादी जुनी पावती असल्यास तिचे छायाचित्र पाठवाल का?