मराठी मीडियमची पोरं बी.कॉम.च्या पहिल्याच सेमिस्टरला गळतात, काय करावं?

खातेवहीवाला:
बेळगावात गेस्ट लेक्चरर आहे, अकाउंट्स शिकवतो. वर्गात जांबोटीच्या अलीकडच्या एका खेड्यातला पोरगा आहे. दहावीपर्यंत मराठी, पुढं सगळं इंग्रजी. परवा त्याचा इंटर्नलचा पेपर तपासला. 50,000 चं मशीन, घटत्या किमतीवर 10 टक्के घसारा, म्हणजे वस्तूची दरवर्षी उतरणारी किंमत: 5,000, 4,500, 4,050. एक आकडा चुकला नाही. पुढचा प्रश्न घसाऱ्याची कारणं लिहा, अर्थात इंग्रजीत. पान कोरं. बोलावून विचारलं, तुमचा टेम्पो घेतला त्या भावात आज जाईल काय रे? म्हणाला, "कसा जाईल सर? इंजिन झिजलंय, त्यात नवीन मॉडेल आलंय." निम्मं उत्तर तोंडीच दिलं की! मग लिहिलं का नाहीस? "कळतंय सर, लिवायला येईना." आता कॉलेज सोडून गोव्याला कामाला जातो म्हणतोय. कच्च्या पोरांसाठी जादा, म्हणजे रेमेडियल तास ठेवला होता, तर तिघंच आले. नावं मी नोटीस बोर्डावर लावली होती, तिथंच चुकलं.

निपाणीची_मी:
सर, मी पण मराठी शाळेतली. मला विषय कळायचा, प्रश्न कळायचा नाही. 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक सांगा, हे दुसऱ्या सेमिस्टरला समजलं, तोवर दोन विषय बॅक. मग वहीच्या शेवटच्या पानावर असले वीसेक शब्द अर्थासकट लिहून ठेवले. उत्तर आधी मराठीत चार ओळी, मग इंग्रजीत. मोडक्या इंग्रजीलाही थोडे मार्क पडतात हो, कोऱ्या पानाला कोण देणार?

खानापूर_लाइन:
हजेरी बघितलीत का? 75 टक्क्यांखाली गेला तर परीक्षेलाच बसता येणार नाही, मग इंग्रजी कुठलं नि काय. त्या वाटेची सकाळची गाडी जांबोटीतच भरते. जून 2023 पासून बायकांना प्रवास फुकट झाला, माझ्या आईची मोठी सोय झाली, पण गर्दीही वाढली. पोरगं फाट्यावरच उभं राहतं.

खातेवहीवाला:
आत्ताच मस्टर काढून बघितलं. 22 पैकी 13 तास. सगळे खाडे सोमवार-गुरुवारचे, त्या दिवशी माझा तास पावणेनऊला असतो. आणि मी त्याला आळशी समजत होतो! दुपारचा तास कुणी बदलून देतंय का विचारतो. तोवर टेम्पोचं उत्तर त्याच्याकडून मराठीत लिहून घेतो. निपाणीच्या ताई, ते वीस शब्द इथं टाका की.