पाळणाघर बघायला गेल्यावर नेमकं काय बघता?

मधलीसुट्टी

गेल्या महिन्यात नऊ पाळणाघरं पालथी घातली. लेक चौदा महिन्यांची आहे. सगळीकडे आधी भिंत दाखवतात: हत्ती, इंद्रधनुष्य, मुळाक्षरं. मग कॅमेरे, मग ॲप. एका ठिकाणी बाईंनी मला टीव्हीसमोर बसवून शेजारच्या खोलीचं लाइव्ह फीड दाखवलं. म्हटलं, खोलीतच डोकावते की. तर म्हणाल्या, "मुलांची झोपायची वेळ आहे." फीडमध्ये सगळी टक्क जागी!

शेवटी सातवं निवडलं. भिंतीचे पोपडे निघालेत. पण मी दारात उभी असताना दोन-अडीच वर्षांचा एक मुलगा बूट घालत होता, डाव्या पायात उजवा. ताई त्याच्यासमोर उकिडव्या बसून नुसत्या बघत होत्या. तिसऱ्यांदाही चुकलं तेव्हा म्हणाल्या, "बोटं काय म्हणतायत रे?" त्याने थोडा विचार केला आणि स्वतःच बूट काढला. त्या ताई तिथे सहा वर्षं आहेत. सांभाळणारी माणसं किती जुनी, हे बाकीच्या ठिकाणी विचारलं, तर बहुतेक जागी सगळ्यात जुनं माणूस चार-पाच महिन्यांचं.

माझं म्हणणं एवढंच की आपण भलतंच तपासत बसतो. सांभाळणारी माणसं टिकतात का, ते बघा. टिकत नसतील तर त्यात आपलाही हात आहे. फीची घासाघीस करतो तेव्हा आपण ताईचाच पगार कापत असतो. झोडपा आता.

तिसरा डोळा

बोलायला छान आहे. माझा थोरला दहा महिन्यांचा असताना त्याच्या मांडीवर वळ दिसले. विचारलं तर म्हणे पाळण्याचा कठडा लागला. दोन दिवसांचं रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. ती बाई तिथे पाच वर्षं होती. तुमच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाली असती. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कॅमेराच बोलतो.

पाळणाघरवाली

तिसरा डोळा, त्या बाईची बाजू मी घेणार नाही. कॅमेरे माझ्याकडेही आहेत आणि रेकॉर्डिंग मागाल तेव्हा मिळतं. पण लाइव्ह फीड मी बंद केलं. एका आईने ऑफिसातून बघितलं, बाळ रडतंय. फोन. ताई ज्या बाळाला भरवत होती त्याला खाली ठेवून फोन घ्यायला उठली. आता दोघं रडायला लागली. ते बघून दुसऱ्या बाळाच्या बाबांचा फोन. पहिलं बाळ तोवर कधीच गप्प होऊन स्वतःच्या मोज्याशी खेळत होतं. हे रोजचं झालं आणि दोन महिन्यांत ताई सोडून गेली. जाताना म्हणाली, "मुलांचा त्रास नाही हो, पाठीवर डोळे असतात त्याचा होतो."

काटकोन

+१ कॅमेऱ्याला. फीचं मात्र पटलं नाही. आम्ही आधीच भरपूर मोजतो. तो पैसा जातो कुठे?

पाळणाघरवाली

काटकोन, सांगते. बाळांच्या खोलीत मी सहा घेते आणि दोघी जणी सतत ठेवते. तीन बाळांना एक, हे माझ्या मनाचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही तीच आहे. आग लागली तर एका बाईने किती बाळं उचलून पळायचं, एवढा विचार केला तरी कळतं.

मी दहा तास उघडं ठेवते, माणूस आठ तास काम करतं. म्हणजे दोन जागांना अडीच पगार. सहा घरांत वाटलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला एका पगाराचे जवळजवळ ४२ टक्के. यात भाडं नाही, वीज नाही, कोणी आजारी पडलं तर बदली माणूस नाही, आणि मी स्वतः तर कुठेच नाही. आता ताईचा पगार वाढवला की फी वाढते. नाही वाढवला तर ती जाते. शाळेत एक बाई तीस मुलांना शिकवू शकते, बाळांच्या बाबतीत ते गणितच चालत नाही.

आणि हो, माझ्या एका ताईचं स्वतःचं मूल शेजारणीकडे असतं. तिला माझी फी परवडत नाही.

जुनं खोड

एवढा खटाटोप कशासाठी? तीन वर्षांपर्यंत मूल आईजवळ किंवा आजीजवळच असावं. परक्याच्या हाती दिलं की ते कोमेजतंच.

बिनपगारी

"बाबा" लिहायचं राहिलं वाटतं. मी दोन वर्षं घरी होते, माझं मूल टवटवीत होतं, कोमेजले मी. आणि आजीच्या गुडघ्यांना कोणी विचारलंय का?

हिशेबनीस

जुनं खोड, हे तपासून झालंय. अमेरिकेत १९९१ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला, तेराशेहून जास्त मुलं जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत. फक्त आईने वाढवलेली आणि इतरांकडेही राहिलेली मुलं यांच्या वाढीत एकंदरीत फारसा फरक निघाला नाही. घरचं वातावरण आणि आईची मुलाशी वागणूक यांचा परिणाम पाळणाघरापेक्षा जास्त दिसला. सांभाळ चांगला असेल तर भाषा थोडी वरचढ.

जुनं खोड

पूर्ण सांगा की. त्याच अभ्यासात पाळणाघरात जास्त तास काढलेल्या मुलांमध्ये हट्ट-मारामारी थोडी जास्त निघाली होती.

हिशेबनीस

निघाली होती, मान्य. फरक छोटा होता, पण होता.

काटकोन, तुमचा मुद्दा फक्त फीवर सुटणारा नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये जागा द्यायला सुरुवात केली, उरलेला खर्च सरकारी तिजोरीतून. लहान मुलांच्या आया मोठ्या संख्येने कामावर आल्या.

काटकोन

आणि मग तीन अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये छापलं की तिथल्या मुलांमध्ये चिंता आणि आक्रमकपणा वाढला. हा भाग नेहमी गाळला जातो. स्वस्त केलं म्हणजे चांगलं झालं असं नाही.

हिशेबनीस

बरोबर, आणि नेमकं तेच मधलीसुट्टी म्हणतेय. जागा भराभर वाढल्या, दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही. पण तिथेच नफ्याशिवाय चालणारी केंद्रं, जिथे कारभारी मंडळात बहुसंख्य पालक बसतात, ती दर्जात नफेवाल्यांपेक्षा सरस निघाली. पालक कॅमेऱ्यातून बघण्याऐवजी टेबलाभोवती बसले होते. पगार किती द्यायचा, हेही त्यांच्यासमोरच ठरत असणार.

तिसरा डोळा

म्हणजे नोकरी, मूल, वर पाळणाघराची मीटिंग. रविवारी भांडी कधी घासू?

मधलीसुट्टी

हाहा, मीटिंगला मीही दांडी मारीन. पण एक साधी गोष्ट सुचते. आपण पंधरा दिवस गावाला गेलो की "मूल आलंच नाही, मग फी कसली" म्हणून पैसे कापतो. मीही मागच्या पाळणाघरात कापले होते. ते पंधरा दिवस ताई तर कामावर येतच होती. हा हिशेब तेव्हा डोक्यात आला नाही.

काटकोन

गावाला जाताना घरभाडं देतोच म्हणा. पण आजारपणातही पूर्ण फी? ते जड जातं.

पाळणाघरवाली

माझ्याकडे सलग आठवड्याच्या वर आजारपण असलं तर अर्धी घेते. गावाला गेलात तर पूर्ण. सुरुवातीला भांडणं झाली, आता दाखल्याच्या कागदावरच लिहिलंय.

बिनपगारी

आणि संध्याकाळी उशिरा येणारे? माझी बहीण एका पाळणाघरात आहे. साडेसहाची वेळ, पालक सात-सव्वासातला. रोज "ट्रॅफिक". ती चप्पल घालून, पर्स खांद्याला लावून, मुलाशी ठोकळे खेळत बसते. त्या पाऊण तासाचे पैसे तिला कोणी देत नाही.

तिसरा डोळा

यात मी सापडलो. बहुतेक वेळा खरंच ट्रॅफिक असतं हो.

पाळणाघरवाली, एक विचारायचं होतं. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता?

पाळणाघरवाली

तीस.

तिसरा डोळा

धाकटी पाच महिन्यांची आहे. जागा असेल का?

पाळणाघरवाली

बाळांच्या खोलीत सहा झालीत, सातवं घेत नाही. यादीत नाव लिहून ठेवते. आणि बंद करायची वेळ सहा आहे हं.