अर्धवट रिलॅक्स केलेले केस आता पूर्ण सरळ करायचेत, मदत हवी आहे (बडोदा)

मैत्रिणींनो, जरा सविस्तर लिहितेय, प्लीज पूर्ण वाचून मगच सांगा.

माझे केस जन्मापासून एकदम बारीक कुरळे आणि दाट. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं नैरोबीत होतो, तिथल्या सलॉनमधे रिलॅक्सर (कुरळे केस कायमचे सरळ करायचं क्रीम) म्हणजे रोजचंच काम, मी पण करून घेतलं पण मुद्दाम अर्धवट, म्हणजे क्रीममधे थोडं तेल मिसळायचं आणि वेळेआधीच धुवून टाकायचं, त्याने कुरळेपणा सैल होतो पण जात नाही. तेव्हा तेच हवं होतं, छान दिसायचं. आता बडोद्याला परत आलोय, मांजलपूरला राहतो, आणि इथल्या पावसाळ्यात केस ना धड कुरळे ना धड सरळ, गुंता सोडवता सोडवता ऑफिसला उशीर होतो. मुळाशी चार बोटं नवीन कुरळे केस आलेत ते वेगळंच. म्हणून आता पूर्ण सरळ करायचं पक्कं केलंय.

अडचण अशी की इथे जिथे विचारावं तिथे रिबाँडिंग नाहीतर स्मूदनिंगच सांगतात. रिबाँडिंगच्या क्रीममधे सहसा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं आणि माझ्या केसांवर झालंय ते सोडियम हायड्रॉक्साइडवालं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडाच. हायड्रॉक्साइडने केसातले बाँड कायमचे बदलतात, त्याच केसांवर थायो लावलं तर केस तिथूनच तुटतात. अलकापुरीत एका पार्लरमधे हे सांगितलं तर त्या म्हणाल्या "कंई नहीं थाय बेन", आधी काय लावलं होतं हे विचारलंसुद्धा नाही. मी तशीच उठून आले. केस कंबरेपर्यंत आहेत हो, वर्षाला जेमतेम १५ सेंटीमीटर वाढतात, एकदा तुटले की काय करायचं?

म्हणजे मला परत हायड्रॉक्साइडच लागणार. नवीन केसांना पूर्ण वेळ ठेवायचं आणि जुन्या भागाला कंडिशनर नाहीतर व्हॅसलीन लावून वाचवायचं, एवढं माहितीये. पण जुना अर्धवट भाग सरळ करायला त्याच्यावर एकदा, शेवटची थोडी मिनिटं, क्रीम फिरवलेलं केस सोसतात का? की तो भाग तसाच ठेवून हळूहळू कापत जाणं बरं? कोणी खरंच केलं असेल तर नक्की सांगा. मेंदी, कलर काहीच लावलेलं नाही, ओला केस ताणला तर परत जागेवर येतो. स्ट्रँड टेस्ट (आधी एका बटेवर लावून बघणं) केल्याशिवाय डोक्याला हात लावू देणार नाहीये.

अजून एक, आमच्याकडे बोरचं पाणी येतं. ग्वानिडीनवालं 'नो लाय' (कॉस्टिक सोडा नसलेलं) किट टाळूला कमी झोंबतं म्हणतात पण त्याने केसात कॅल्शियम बसून केस कोरडे पडतात, त्यात हे जड पाणी, मग किलेटिंग शाम्पू (केसात बसलेले क्षार काढणारा) किती दिवसांनी वापरावा?

घरी करायचं नाहीये. ह्या क्रीमचा पीएच १२ ते १४ असतो, टाळू भाजते, डोळ्यात गेलं तर फारच वाईट, आणि मागचे केस आपल्याला दिसत पण नाहीत. त्यामुळे बडोदा किंवा अहमदाबादला हायड्रॉक्साइड रिलॅक्सर खरोखर येणारं कोणी असेल तर प्लीज व्यनि (खाजगी मेसेज) करा. मुंबईतलं चालेल, दिवाळीत दादरला माहेरी जाणार आहेच.